तारेवरून आलेली पाणचक्की

मुंबईच्या वाकोल्यात दत्त मंदिर रस्त्याच्या आतल्या अंगाला एक पिठाची चक्की आहे. मंगळवारी भाजणी आणि डाळी, एरवी गहू, ज्वारी, तांदूळ, असा तिचा नेम. चक्कीवाल्याच्या भुवयासुद्धा पिठाने पांढऱ्या झालेल्या असतात. खाली पडणाऱ्या पिठाच्या धारेत तो हात धरतो, चिमूट अंगठ्याने तर्जनीवर घासतो आणि विचारतो, "ताई, भाकरीला की घावनाला?" उत्तर ऐकता ऐकता बाजूचं चाक अर्धा आटा फिरवतो. दोन दगडांमधलं अंतर केसाएवढं कमी होतं आणि आवाज बदलतो. भाजणी संपली की मूठभर गहू टाकून तो दगड पुसून घेतो. ते पीठ कोणाच्याच डब्यात जात नाही. महिन्या-दोन महिन्यांनी दगड उतरवून त्यांना टाकी लावायची, म्हणजे छिन्नीने खाचा पुन्हा जाग्या करायच्या. घरच्या जात्याला पाथरवट टाकी लावत असे, तीच ही विद्या.

दगड फिरवतो पट्टा, पट्टा फिरवते मोटर, आणि मोटर फिरवते ती वीज. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या मागे कोण उभं आहे, हे विचारायला कोणी थांबत नाही, कारण दळण संध्याकाळपर्यंत हवं असतं. मी विचारायला गेलो आणि वाकोल्याहून निघून लोणावळ्याच्या तळ्यांवर, मुळशीच्या खोऱ्यात आणि घटप्रभेच्या धबधब्यावर जाऊन पोचलो. आमच्या गल्लीतली ही चक्की कित्येक वर्षं एका अर्थाने पाणचक्कीच होती. तिचं पाणी तेवढं घाटावर होतं.

मराठीत 'गिरणी' हा शब्द मोठा सोयीचा आहे. पिठाची तीही गिरणी, कापडाची तीही गिरणी. गिरणीत दळण टाकायला जाणारी बाई आणि गिरणीत पाळी करणारा तिचा नवरा एकाच शब्दाने दोन वेगळ्या जागा सांगतात, आणि ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. इंग्रजीतही 'मिल' शब्दाचं असंच आहे, आणि त्याला कारण आहे. सूत कातणारी पहिली मोठी यंत्रं पाण्याच्या चाकावर चालली. ते चाक पिठाच्या गिरण्यांना शतकानुशतकं माहीत होतं. जागा तीच, ओढा तोच, आणि नावही तेच राहिलं.

पाण्याने दगड फिरवायची जुनी रीत पाहायची तर आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे जुन्या औरंगाबादला, खाम नदीकाठच्या पाणचक्कीवर जावं. बाबा शाह मुसाफिर या सूफी संताच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. सतराव्या-अठराव्या शतकातलं हे काम. उत्तरेकडच्या डोंगराळ भागातून काही किलोमीटर मातीच्या नळांतून पाणी आणलं, एका उंच भिंतीवर चढवलं, आणि तिथून खाली सोडलं. डोळ्यांना दिसतो तो भिंतीवरून हौदात कोसळणारा पडदा. सहलीतली मुलं त्याचेच फोटो काढतात. खरं काम त्याच पाण्याच्या जोरावर दगडाच्या खाली चालतं. तिथे एक आडवं, पात्यांचं चाक आहे. पाणी पात्यांवर आपटलं की चाक फिरतं, चाकाचा उभा कणा खालच्या दगडाच्या भोकातून वर येतो आणि वरच्या दगडाला गरगर फिरवतो. ना दात्यांची चाकं, ना पट्टा. यात्रेकरू आणि फकिरांसाठी इथे धान्य दळलं जाई. हिमालयातले घराट याच जातीचे, फक्त लाकडी. त्यांच्यात धान्याच्या टोपलीला एक काठी लावलेली असते आणि तिचं टोक फिरत्या दगडावर टेकलेलं असतं. दगड फिरला की काठी खडखडते, टोपली हलते आणि दाणे पडतात. दगड थांबला की दाणेही थांबतात. स्वयंचलित यंत्र म्हणजे काय, हे मला पुस्तकांपेक्षा या काठीने जास्त नीट शिकवलं.

अशा चाकाला दोनच गोष्टी लागतात: पाणी आणि उतार. किती पाणी, आणि ते किती उंचावरून पडतं, या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे त्याची ताकद. उंची थोडी असेल तर पाणी खूप हवं, पाणी थोडं असेल तर उंची खूप हवी. हा हिशेब ध्यानात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

इंग्लंडमधल्या डर्वेंट नदीच्या खोऱ्याला हे दोन्ही लाभलं होतं. रिचर्ड आर्कराइट हा मूळचा न्हावी आणि केसांच्या टोपांचा व्यापारी. १७६९ मध्ये त्याने सूत कातण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि १७७१ मध्ये क्रॉमफर्ड या खेड्यात पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढली. क्रॉमफर्डच का? कारण तिथे शिशाच्या खाणींतून निथळून येणारं कोमट पाणी होतं, ते हिवाळ्यात गोठत नसे. गिरणी पाण्याजवळ गेली, पण माणसं तिथे नव्हती. मग घरं बांधली, बायकामुलांना कामाला जुंपलं, आणि काही वर्षांत ते सगळं खोरं गिरण्यांचं झालं. आज ते जागतिक वारसा म्हणून जपलं आहे. त्या खोऱ्याचे दिवस फिरायला पाणी आटावं लागलं नाही. वाफेचं इंजिन गोल चाक फिरवू लागलं तसा मालकांना एक मोठा फायदा दिसला. कोळसा पाण्यापेक्षा महाग होता, पण तो गाडीत भरून माणसं असतील तिथे नेता येत होता. ओढा उचलून मँचेस्टरला नेता येत नव्हता. मजूर शहरात होते, म्हणून गिरण्या शहरात गेल्या.

मुंबईची गोष्ट इथून, म्हणजे पुस्तकाच्या मधल्या पानापासून सुरू होते. कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची सूतगिरणी १८५६ मध्ये चालू झाली तेव्हा वाफेने बाजी मारून दोन पिढ्या उलटल्या होत्या. यंत्रं बोटीने आली, सुरुवातीला कोळसाही बोटीने आला, आणि कोकणातून माणसंही बोटीनेच आली. पाण्याच्या चाकाचा टप्पा मुंबईच्या वाट्याला आलाच नाही.

पण समजा कोणाच्या डोक्यात आलं असतं, तर? आमच्याकडे नदी आहेच की. वाकोल्याचा नाला ज्या मिठीला मिळतो ती मिठी विहारच्या सांडव्यातून निघते, पवई तलावाचं जादा पाणी घेते आणि साकीनाका, कुर्ला, कालिना, धारावी असं करत माहीमच्या खाडीत जाते. लांबी जेमतेम अठरा किलोमीटर. विहारच्या सांडव्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८० मीटर आहे, म्हणजे उतार अगदीच नाही असं नाही. पण तो सगळा वरच्या अंगाला संपतो. कुर्ल्याच्या खाली नदी पसरट होते, भरतीचं पाणी उलटं आत येतं, आणि चाक बसवलंच असतं तर दिवसातून दोनदा ते उफराटं फिरलं असतं. दुसरी अडचण पावसाची. सांताक्रूझच्या वेधशाळेत वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस मोजला जातो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले आठ महिने ओहोळ. शिवाय नदीच्या उगमावरच १८५० च्या दशकात विहारचं धरण सुरू झालं आणि १८६० मध्ये त्याचं पाणी नळाने शहरात गेलं. मिठीचं पाणी मुंबई प्यायली. त्यावर चाक फिरवायचा प्रश्नच उरला नाही.

या नाल्याची ताकद मी एकदाच पाहिली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री आमच्या गल्लीत छातीएवढं पाणी होतं. चक्कीच्या फळ्या वाहून गेल्या, पिठाची लापशी झाली, मोटर जळाली. दगड मात्र जागचे हलले नाहीत. आठवड्याने ते धुऊन वाळत ठेवलेले पाहिले तेव्हा ते प्रथमच मला देवळाच्या पायरीचे दगड दिसतात तसे दिसले. वाकोल्याच्या पाण्यात चक्की फिरवण्याइतका जोर आला तो एका रात्रीपुरता, आणि त्याने चक्की बंद पाडली.

मुंबईच्या गिरण्यांना पाणी लागत नव्हतं असं मात्र नाही. बॉयलरला लागे, आणि त्याहून जास्त लागे इंजिनातली वाफ थंड करून पुन्हा पाणी करायला. त्यासाठी गिरण्यांच्या आवारात तळी खणलेली असत. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारातलं तळं अजून आहे. गिरणगावात वाढलेल्या मुलांनी अशा गरम पाण्याच्या तळ्यांच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. तळी मुंबईत होतीच. त्यांनी यंत्र थंड ठेवलं, फिरवलं नाही.

आणि तेवढ्यात, मुंबईहून दूर, एका मुंबईच्याच कंपनीने जुनी वाट धरली. बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ घटप्रभा नदी एकाएकी सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते. ही नदी आंबोली-चंदगडकडच्या पावसाची, म्हणजे घाटमाथ्याची लेक. फोर्ब्स कंपनीने १८८५ मध्ये गोकाक वॉटर पॉवर अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली आणि १८८७ मध्ये धबधब्याच्या काठावर सूतगिरणी चालू झाली. वरून पाणी वळवून कड्याखालच्या टर्बाइनवर सोडायचं, असं तिचं काम. कंपनीच्या नावात सूत नाही आणि कापड नाही, आधी पाणी आहे, यावरूनच तिथे काय विकत घेतलं होतं ते कळतं. नदीवरचा सुमारे दोनशे मीटरचा झुलता पूल हे आता फिरायला येणाऱ्यांचं ठिकाण झालं आहे. पावसाळ्यात धबधबा तांबड्या मातीचा, जाड आणि गर्जणारा असतो. उन्हाळ्यात कडा कोरडा पडतो आणि दगडावरच्या पाण्याच्या रेघा तेवढ्या दिसतात. गोकाकची गिरणी ही डर्वेंट खोऱ्याची आपल्याकडची खरी बहीण. गिरणी पाण्याकडे गेली, कामगारांची वसाहत तिच्यामागे गेली, आणि धबधब्याशेजारी एक गाव उभं राहिलं.

मुंबईत हे जमणार नव्हतं. गिरण्या उभ्या होत्या, चाळी उभ्या होत्या, गोदी आणि कापूसबाजार इथेच. १९०० च्या सुमारास ऐंशीच्या वर गिरण्या आणि तितकीच धुराडी. धुराचा त्रास इतका झाला की १९१२ मध्ये त्याच्यासाठी कायदा करावा लागला. कोळसा येई दुरून, बंगालच्या खाणींतून, आणि त्याचा भाव मालकांच्या छातीवर बसलेला. ज्या माणसाने यातून वाट काढली त्याच्या डोक्यात पाणी फार आधीपासून घोळत होतं. जमशेटजी टाटांनी नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. त्याआधी नर्मदेच्या धबधब्यावर, जबलपूरपाशी, गिरणी काढायचा विचार त्यांनी करून पाहिला होता, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. तो जमला नाही. १८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची डबघाईला आलेली धरमसी मिल विकत घेऊन तिचं नाव स्वदेशी ठेवलं. ही मिल वाकोल्यापासून फार दूर नव्हती, आणि ती हाती घेतल्यावर मलेरिया, कामगारांची वानवा आणि जुनाट यंत्रं यांनी जमशेटजींना पुरतं पिडलं.

डेव्हिड गॉस्टलिंग हा मुंबईचा एक वास्तुविशारद. घाटमाथ्यावरचा पाऊस साठवून त्यापासून वीज करावी, ही कल्पना त्याने जमशेटजींकडे नेली. लोणावळ्याचा पाऊस मुंबईच्या दीड-दोन पट. पण कल्पनेतला खरा डाव पावसात नव्हता, दिशेत होता. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेलं पाणी पूर्वेला जातं: इंद्रायणी, आंध्रा, मुळा या सगळ्या पुढे भीमेतून कृष्णेला आणि बंगालच्या उपसागराला. त्या वाटेने हे पाणी हजार किलोमीटर रमतगमत उतरतं. पण कड्याच्या पश्चिमेला कोकण आहे, आणि तिथे अर्धा किलोमीटर उंची एकदम सरळ पडते. तेव्हा पूर्ववाहिनीला धरणाने अडवायचं, पाठीमागे वळवायचं आणि कड्यावरून कोकणात फेकायचं. पाणी थोडं असलं तरी चालेल, उंची भरपूर आहे. मघाचा गुणाकार तो हाच.

जमशेटजी १९०४ मध्ये वारले. त्यांचे चिरंजीव दोराबजी यांनी काम पुढे नेलं. टाटा हायड्रो इलेक्ट्रिक कंपनी १९१० मध्ये नोंदली गेली, फेब्रुवारी १९११ मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते वळवणच्या धरणाची कोनशिला बसली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा ही तीन तळी झाली.  फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर चालू झालं.

तिथे पाणी ५०० मीटरहून अधिक खाली पडतं आणि नळाच्या तोंडातून जी धार सुटते ती हाताने तोडता येत नाही. काठी मारली तर काठी उडून जाते. ती धार पेल्टन चाकावर घेतात. कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींत काम करणाऱ्या लेस्टर पेल्टनने हे चाक काढलं. त्याच्या परिघावर जोडवाट्या असतात, मधोमध एक धारदार कणा. पाणी कण्यावर दुभंगतं, दोन्ही वाट्यांत वळसा घेतं आणि आपला सगळा जोर चाकाला देऊन जवळजवळ थांबल्यासारखं खाली गळतं. औरंगाबादच्या पाणचक्कीतल्या लोखंडी पात्यांचीच ही नात, फार शिकलेली.

हिशेब करून पाहू. गल्लीत येणारा पाण्याचा टँकर दहा हजार लिटरचा. तेवढं पाणी खोपोलीच्या उंचीवरून पडलं तर गळती-घट धरून सुमारे बारा युनिट वीज होते. दहा हॉर्सपॉवरची चक्की तासाला साडेसात युनिट खाते. म्हणजे एका टँकरवर चक्की दीड तास चालते. उलटं धरलं तर, चक्कीवाला दुपारी दीड तास दळत बसला की घाटावरून एक टँकर पाणी खाली आलेलं असतं. हेच पाणी वाकोल्याच्या नाल्यात एक मीटरवरून सोडलं तर चक्कीचा पट्टा दहा-बारा सेकंदांहून जास्त फिरणार नाही.

खोपोलीहून सुमारे सत्तर किलोमीटर तारा ओढून वीज परळला आणली. परळलाच का, हे सांगायला नको. गिरणीच्या आत तोवर एक अजस्र इंजिन असे. त्याच्या चाकावरून जाड दोर मजल्यामजल्याला जात, तिथून लांब दांडे, दांड्यांवर पट्टे, पट्ट्यांवर साचे. इंजिन थांबलं की सगळी गिरणी थांबे. मोटर आली तसं हे झाड मुळापासून तुटत गेलं. प्रत्येक खात्याला आपली मोटर, पुढे प्रत्येक साच्याला आपली. धुराडी उभी राहिली, पण त्यातली कितीतरी नुसती उभी राहिली. इंग्लंडमध्ये गिरणी पाण्यापासून सुटली ती कोळशाने. मुंबईत ती कोळशापासून सुटली ती पाण्याने. गिरणी जागची न हलता पाणचक्की झाली.

खोपोली पुरली नाही. १९२२ मध्ये आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आणि भिवपुरीचं वीजघर. आणि मग मुळशी.

पाणी गिरणीकडे आणायचं तर पाण्याला कुठेतरी साठावं लागतं, आणि जिथे ते साठतं तिथे आधी कोणीतरी राहत असतं. डर्वेंटच्या काठी गिरणी आली तेव्हा तिथल्या माणसांनी निदान ती पाहिली, तिच्यात काम केलं, तिला शिव्या घातल्या. मुळशी पेट्यातल्या माणसांनी जिच्यासाठी खोरं बुडणार होतं ती गिरणी बघितलेलीसुद्धा नसे. मुळा-निळा संगमाजवळचं हे खोरं आंबेमोहोराचं. भात शिजला की आंब्याच्या मोहोराचा वास येतो, म्हणून हे नाव. पुण्याच्या बाजारात त्याला मान होता. १९२० च्या आसपास शेतांत परवानगीशिवाय चर खणले जाऊ लागले तेव्हा लोकांना कळलं की पन्नासाच्या आसपास गावं तळ्याखाली जाणार आहेत.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. बाराशेच्या सुमारास मावळे, बायकामुलांसह, धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम बंद पडलं. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती इथे. विनायकराव भुस्कुटे त्यांच्यासोबत होते, शंकरराव देवही होते. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेल्या जगातल्या पहिल्या संघटित लढ्यांत या सत्याग्रहाची गणना होते. भाक्रा, कोयना, नर्मदा यांची नावं घेताना आपण मुळशी विसरतो, आणि मला हे विसरणं अगदी निष्पाप वाटत नाही. कारण इथे समोर इंग्रज नव्हता. समोर स्वदेशी भांडवल होतं, राष्ट्राच्या उद्योगाची भाषा होती, आणि पुण्यातले ते सावकार होते ज्यांच्याकडे मावळ्यांच्या जमिनी गहाण पडलेल्या. सावकारांना मोबदला हवा होता, कुळांना जमीन. लढा इथे फाटला. गांधीजींनी 'यंग इंडिया'त टाटांना आवाहन केलं, पण ते आवाहनच राहिलं.

बापट वारंवार तुरुंगात गेले. शेवटी १९२४ मध्ये त्यांनी रुळांवर दगड रचून कंपनीची आगगाडी अडवली, आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते सुटून आले तेव्हा धरण पुरं होऊन, भिऱ्याचं वीजघर १९२७ पासून चालू होतं. खोऱ्यातल्या माणसांना मोबदला मिळाला, काहींना कमी, काहींना सावकाराच्या हातून उरलेला. बरेचजण वरच्या उतारावर सरकले आणि तळ्याकडे बघत राहिले. पुढे कित्येक वर्षं तळ्याकाठच्या गावांत वीज नव्हती. खोऱ्यातली वीज मुंबईला जात होती, खोऱ्यात नाही.

मुंबईच्या डबेवाल्यांतले पुष्कळजण मुळशी, मावळ, खेड, जुन्नर या भागातले. धरणामुळेच ते आले असं मी म्हणणार नाही, डबे त्याच्या आधीपासून फिरत होते. पण कालिन्याच्या विद्यापीठाबाहेर डब्यांचा गाडा ढकलणारा टोपीवाला दिसला की माझ्या मनात तेवढं येतंच.

उपनगरांत वीज आली ती १९२९ मध्ये बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे बीएसईएस, स्थापन झाल्यावर. या कंपनीचं स्वतःचं वीजघर नव्हतं, ती टाटांकडून ठोक वीज घेऊन घरोघर वाटायची. डहाणूचं औष्णिक केंद्र आलं ते १९९५ मध्ये. तोवर वाकोला, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर इथल्या दिव्यांच्या, पंख्यांच्या, चक्क्यांच्या मागे टाटांची वीज होती. ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र १९५६ मध्ये येईपर्यंत ती मुख्यतः पाण्याची. तांदूळ दळायला दगड फिरवणारं पाणी आंबेमोहोराच्या खाचरांवर साठवलेलं होतं, हे दळण टाकणाऱ्या कोणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप झाला त्या कापडगिरण्या मात्र गेल्या. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्यांच्या जागी मॉल आले, मनोरे आले. काही धुराडी शोभेसाठी राखली आहेत. तळी मात्र तशीच आहेत, वीजघरंही. तिन्ही वीजघरं मिळून आज ४४७ मेगावॉट, शहराच्या भुकेपुढे थोडकी. पण पाण्याची वीज एका गोष्टीत कोळशाला हार जात नाही: झडप उघडली की मिनिटांत ती हजर होते. १२ ऑक्टोबर २०२० ला, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास, सगळी मुंबई एकाएकी काळोखली. लोकल जागच्या जागी थांबल्या, आमची चक्की अर्ध्या दळणावर थांबली. त्या दिवशी शहर पुन्हा उठवायला जी केंद्रं धावली त्यांत भिरा, भिवपुरी आणि खोपोली होती.

या पाण्यावर आता दुसरीकडूनही हक्क सांगितला जातो. पुणे वाढलं, भीमेच्या खालच्या अंगाला सोलापूर तहानलेलं, आणि तिकडून विचारणा होते की पूर्वेचं पाणी शंभर वर्षं पश्चिमेला का टाकता? पण पश्चिमेलाही आता ते वीज देऊन फुकट जात नाही. खोपोलीतून सुटलेलं पाणी पाताळगंगेला मिळतं, भिवपुरीचं उल्हास नदीला. उल्हासच्या काठची शहरं उन्हाळ्यात जे पाणी पितात त्यात आंध्रा नदीचं पाणी आहे. धरण बांधणाऱ्यांच्या हिशेबात ही तहान नव्हती.

भिऱ्याचं पाणी कुंडलिकेत जातं. गेल्या वर्षी मेमध्ये आम्ही कोलाडला गेलो होतो. भर उन्हाळ्यात तिथे रबरी होड्या चालतात. सकाळी आठला नदीकाठी पोचलो तर नदीत नुसते दगड. एक म्हैस कोरड्या पात्रातून रमत चालली होती. होडीवाला मुलगा शिरस्त्राणांचा ढीग लावून बसला होता. मी विचारलं, "अरे, पाणी कुठेय?" तो म्हणाला, "येतंय काका. वर मशीन चालू झालीये, पोचेल इतक्यात." थोड्या वेळाने दगडांमधून एक फेसाची रेघ पुढे सरकताना दिसली. म्हशीने मान वर केली आणि ती काठाकडे वळली.